आडव्या सायकलीची आंगवण

जुलियाना गेली, त्यालाही आता वर्ष उलटून गेलं. तरी बाजारात कुणी ना कुणी मला अडवून विचारतंच, "बाई, ती टीचरची खाट खंय आसा आता?" खाट म्हणतात मेले. तीन चाकांची, पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल ती. म्हणे खाट! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. "इनासच्या मांगरात आसा, आणि तो अजून दर रविवारी तिच्या चाकांत हवा भरता," असं सांगून मी पुढे चालू लागते. घरी आल्यावर मात्र आठवतं, की पहिल्या दिवशी तिला खाट म्हणणारी मीच होते.

जुलियाना आणि मी एकाच शाळेत शिकवून म्हाताऱ्या झालो. ती गणित, मी मराठी. आमच्या घरांच्या मध्ये एक चिऱ्यांचा गडगा, तोही कमरेएवढा, त्यामुळे आमटीच्या वाट्या, वर्तमानपत्र आणि भांडणं सगळं त्याच्यावरूनच ये-जा करायचं. ती ख्रिश्चन, मी हिंदू. तिच्याकडे नाताळच्या नेवऱ्या माझ्यासाठी वेगळ्या काढलेल्या असत आणि माझ्या गणपतीत आरतीला तिचा आवाज माझ्या जावांपेक्षा मोठा. ती आयुष्यभर शाळेत सायकलने आली. साडीचा काठ पिनेने वर टोचलेला, पुढच्या टोपलीत वह्या, आणि मी रिक्षात बसलेली दिसले की मुद्दाम घंटी वाजवून पुढे निघून जायची. तिचा तो तोरा मला कधी सहन झाला नाही, आणि आता रिक्षात बसले की मी त्याच घंटीला कान लावते.

निवृत्तीनंतर एकदा ती पुलाजवळ पडली. पेडलवरून पाय घसरला म्हणाली. मग पुन्हा पडली, सपाट रस्त्यावर. मग एक दिवस सायकलीवर चढतानाच कोलमडली. इनास, म्हणजे तिचा नवरा, तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. परत आल्यावर ती आत जाऊन आडवी झाली आणि तो गडग्यापाशी येऊन उभा राहिला. स्नायूंना चालवणाऱ्या नसाच सुकत चालल्या आहेत, डॉक्टर म्हणाले. आधी पाय जातील, मग हात, मग श्वास. औषध असं नाही.

"जुलियानाक काय सांगलंस?" मी विचारलं.

"नसा अशक्त झाल्यात, बरा व्हायत हळूहळू, इतक्याच. तू पण तिका सगळा सांगू नको, बाय."

मी त्याच्यावर भडकले. शिकलेली बाई ती, तिला लपवून ठेवायला ती काय कुकुलं बाळ होती? तेव्हा तो म्हणाला, "मी सांगलंय काय ती गणित मांडूक बसतली. इतके महिने पायांचे, इतके हातांचे. मगे जगतली कधी?" मग मीही तिला काही सांगणार नाही, असं कबूल केलं.

ती खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची टाकून बसायला लागली. पाय अगदी गेले नव्हते; धरून धरून चालायची, पण तोल राहिला नव्हता, आणि दोन चाकांवर तोलाशिवाय काही चालत नाही. तिची सायकल भिंतीला टेकून उभी आणि ती तिच्याकडे पाठ करून बसलेली. शाळेच्या वेळेला मुलं रस्त्याने जायची, तेव्हा ही हटकून आत निघून जायची.

इनास जन्मभर बोटीवर इंजिन-रूममध्ये फिटर होता. हॉलंडच्या कुठल्याशा बंदरात त्याने माणसं रस्त्याने आडवी होऊन सायकली चालवताना पाहिली होती. ते त्याला आठवलं. त्याने कुडाळच्या एमआयडीसीतून पाइप आणले, मांगरात, म्हणजे घरामागच्या शेडमध्ये, वेल्डिंग सुरू केलं आणि आमच्या आळीची झोप उडवली. पुढे दोन लहान चाकं, मागे एक मोठं. बापाच्या आरामखुर्चीचं कॅनव्हास काढून त्याची रेलायची बैठक केली. हँडल मांडीच्या दोन्ही बाजूंना, पेडलं पार पुढे, नाकासमोर. सायकल इतकी बुटकी, की गाडीवाल्यांना दिसावी म्हणून मागे फायबरची उंच काठी आणि काठीला लाल बावटा.

"ही खंयची खाट हाडलस?" मी गडग्यावरून ओरडले.

इनासने जुलियानाला धरून बैठकीत निजवली, पायांना पट्टे बांधले. तिने एकदा पाय फिरवले. सायकल खळ्यातून फाटकाबाहेर गेली, उजवीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. गडग्यावरून फक्त लाल बावटा जाताना दिसत होता. मग आम्हाला तिचं हसणं ऐकू आलं. इस्पितळातून आल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. इनास तिथेच मातीत उकिडवा बसला आणि तोंड झाकून रडला.

परत आली तेव्हा ती धापा टाकत होती आणि बोलायची थांबत नव्हती. "जानकी, मी हो रस्तो आजपर्यंत बघूकच नाय गो. नुसते खड्डे बघलंय!" साध्या सायकलीवर माणूस हातांवर रेलून, मान खाली घालून पुढच्या चाकाकडे बघत जातो, म्हणाली. इथे सगळं वजन पाठीवर. मनगटं मोकळी, मान मोकळी, समोर आभाळ. आंब्याची झाडं खालून कशी दिसतात ते तिने मला सांगितलं. फणस कुठे लागलाय, तारेवर कोण बसलंय, भंडाऱ्यांच्या माडावर सुगरणीची किती घरटी आहेत. कुत्री तिच्या डोळ्याला डोळा देऊन बघत. पोरं बरोबरीने धावत. आणि पडायची भीतीच नाही, कारण पडायला उंचीच नाही.

माझा विश्वास बसेना, म्हणून एक दिवस तिने मला जबरदस्तीने त्यात बसवलं. माझं वजन, माझे गुडघे, वर नऊवारी नसली तरी साडीच. पाठ टेकली आणि आधी वाटलं की आता मेले. मग पाय फिरले. कोण तरी आपल्याला पाठीशी घेऊन चाललंय आणि आपण नुसते पाय हलवतोय, असं काहीसं. पिंपळाखालून गेले तेव्हा पानांच्या फटीतून ऊन थेट तोंडावर आलं. मी मोठ्याने ओरडले, पण भीतीने नाही. उतरल्यावर मी नाकाने कांदे सोलत म्हटलं, "बरी आसा." जुलियानाला ते पुरलं.

गावाला मात्र पुरलं नाही. ख्रिश्चनांत माणूस मेला की शवपेटी इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, पाय पुढे करून आणतात. ही बाई दर रविवारी इगर्जेच्या आवारात पाय पुढे करूनच शिरायची. इनासची रोझालीन मावशी तिला पाहिलं की छातीवर क्रुसाची खूण करायची आणि एकदा भर दारात म्हणाली, "पाय फुडे करून इगर्जेत येतत ते मेलेले, गो! जित्या माणसान असा येवचा?"

"मावशे, एक दिस तशीच हाडतले माका," जुलियाना म्हणाली. "आताच सवय केलेली बरी."

सगळे हसले. इनास हसला नाही. पुढे ज्या दिवशी तिला खरंच तशी आणली, त्या दिवशी रोझालीन मावशी माझा हात धरून उभी होती.

पण ते नंतरचं. त्या वर्षी दिवाळीपर्यंत जुलियाना रोज फिरायला जायची, इनास त्याच्या जुन्या सायकलीवर मागून. मग शाळेजवळच्या चढावर ती दमायला लागली. इनास सायकल चालवता चालवता एका हाताने तिच्या बैठकीला रेटा द्यायचा. तिला ते आवडायचं नाही. "माका ढकलू नको. ढकलूचा आसात तर घरात बसय," ती त्याला सुनवायची. एकदा चढाच्या मधोमध सायकल थांबली. तिने पाय रेटले, पुन्हा रेटले, सायकल तसूभर हलेना. इनासने हात पुढे केला तसा तिने तो झिडकारला आणि तिथेच, रस्त्याच्या मध्ये, आभाळाकडे तोंड करून रडली. आडव्या माणसाला तोंड लपवायलाही जागा नसते. मी रिक्षातून येत होते, मी पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात इनासने "चेन बदलूक" म्हणून सायकल मांगरात घेतली आणि मागच्या चाकात मोटर बसवली. पाय फिरले तरच चालणारी. पायांनी एक हिस्सा जोर दिला की उरलेला मोटर देणार. बॅटरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून बैठकीच्या मागे बांधली. हत्यारं आहेत म्हणाला. जुलियानाची मान तोवर मागे वळत नव्हती, आणि तिला बसवायचा-उतरवायचा तो समोरून, त्यामुळे मागचं चाक तिला कधी दिसायचंच नाही. आवाज येतो म्हणाली, तर नवीन चेन आवाज करतेच, असं त्याने सांगितलं.

आता बॅटरी चार्ज कुठे करायची? त्यांच्या घरात तिला सगळं ऐकू यायचं. म्हणून ती दुपारी जरा डोळा लावायची तेव्हा इनास टॉवेलात गुंडाळलेला तो डबा गडग्यावरून माझ्या हातात द्यायचा आणि मी तो माझ्या फ्रिजच्या मागे लावून ठेवायची. त्याने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. आजही म्हणेन.

पहिल्या दिवशी ती शाळेचा चढ एका दमात चढून गेली. परत आली ती डोळे चमकवत. "जानकी, माझ्या पायांत बळ येता आसा गो!"

मी म्हटलं, "येवचाच. औषध लागू पडला."

मग काय विचारता! ती धामापूरच्या तळ्यापर्यंत जाऊन आली. तिथे भगवतीच्या देवळासमोर पाण्याकडे बघत बसली आणि येताना माझ्यासाठी कमळाचं फूल घेऊन आली. बोटीवर असलेल्या डायलनला, तिच्या मुलाला, फोनवर सांगायची, मी बरी होतेय. जेवायला लागली. वाद घालायला लागली. घरातल्या घरात ती आता भिंतीलाही धरून चालू शकत नव्हती, हे तिच्या लक्षात येत असणारच. पण सायकलीवरचे पाय खरे आणि घरातले खोटे, असं तिने स्वतःला पटवलं होतं. गणिताची बाई होती, पण जे उत्तर नको असतं त्यासाठी कुणी हिशेब मांडत नाही.

एप्रिलमध्ये ती मला म्हणाली की तिने आंगवण केली होती. आंगवण म्हणजे आपला नवस. इस्पितळातून आल्यावर सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, खुरसाला, त्या जुन्या दगडी क्रुसाला, ती बोलली होती, की पाय परत दिलेस तर तुझ्यापुढे लदीन करीन. लदीन म्हणजे संध्याकाळी मेणबत्त्या लावून, व्हायोलिनवर गायलेली प्रार्थना. मग सगळ्यांना उकडलेले चणे आणि घोटभर सोरो, म्हणजे दारू. "आता आंगवण फेडूक व्हयी," ती म्हणाली.

इनास गडग्यापाशी आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "बाय, उपकार मोटरीचे आणि आभार देवाचे. सगळ्या वाडीच्या समोर. ह्या कसा चलात?"

"देवाक मोटर कळता," मी म्हटलं. "तू गप रव."

"देवाक कळता. तिका कळला तर?"

दुसऱ्याच दिवशी जुलियानाने मला जवळ बोलावलं. दार लावायला सांगितलं. "इनासाक सांगू नको हां. लदीन झाली काय मी सायकलीवरसून उठतलंय आणि खुरसाकडे चलत जातलंय. कोणाचो हात नको. बघ तेचा तोंड कसा होता ता!" ती शाळकरी पोरीसारखी खुशीत होती.

मी इनासला सांगितलं. सांगणारच. तो हातातला पाना खाली ठेवत म्हणाला, लदीनच्या दिवशी सकाळी मी तिला सगळं सांगतो. त्या सकाळी मी गडग्यापाशी वाट बघत उभी होते. तो बाहेर आला आणि त्याने नकाराची मान हलवली. तिने लग्नातल्या सोन्याच्या कुड्या घातल्या होत्या आणि त्याला विचारत होती की निळा झगा बरा दिसतो की पांढरा. त्यावर तो काय सांगणार?

संध्याकाळी सत्यवानच्या रिक्षात चण्यांचा टोप मांडीवर घेऊन मी पुढे गेले. सड्यावर खुरीस चुना लावून पांढरा केला होता, अबोलीच्या माळा, खाली मेणबत्त्यांची रांग. माणसं जमली होती. खालच्या वळणावर करवंदीच्या जाळ्यांवरून आधी लाल बावटा दिसला आणि मग ती आली, तो सगळा चढ चढून, झग्याचा घोळ पट्ट्यात खोचून, हसत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आदल्या वर्षी तिला खाटवाली म्हणणारेही वाजवत होते. मागून इनास घामाघूम.

लदीन झाली. जुलियाना सायकलीत रेललेलीच, पण तिचा आवाज सगळ्यांच्या वर. मग तिने बोलायला हात वर केला. "माझे पाय माका परत गावले," ती म्हणाली. "ज्याणी दिले तेका माहीत आसा. मी तेचे आभार मानूक इलंय." तिने पट्टे सोडले. पाय मातीवर ठेवले. दोन्ही हातांनी बैठकीला रेटा दिला आणि उभी राहिली.

ती खरंच उभी राहिली. मी पाहिलं. तिने इनासकडे बघितलंही, बघ कसं, अशा नजरेने. मग उजवा पाय पुढे टाकायला गेली आणि दोन्ही गुडघे एकदम वाकले. इनास शेजारीच होता, त्याने बगलेत धरली, म्हणून ती तोंडावर न पडता गुडघ्यांवर आली. खुरसाच्या बरोबर समोर, लाल मातीत, गुडघ्यांवर.

आणि सगळ्यांना वाटलं ती गुडघे टेकून बसली. रोझालीन मावशीने "सायबा!" म्हणून हंबरडा फोडला आणि गुडघे टेकले. मग व्हायोलिनवाल्याने. मग एकेक करून सगळी वाडी खाली बसली आणि प्रार्थना म्हणायला लागली. जुलियाना पडली आहे हे त्या एवढ्या माणसांत आम्हा तिघांनाच माहीत होतं. मी चण्यांचा डाव हातात धरून उभीच होते.

तिला उठता येईना. इनासच्या दंडाला धरून ती अर्धी वळली, आणि सायकल तिच्या समोर आली. मागच्या बाजूने. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मागच्या चाकाच्या मधोमध ती जाड मोटर, तिथून निघालेली काळी वायर, वायर गेलेली बिस्किटांच्या डब्यात. ती बघत राहिली. फळ्यावरचं मुलांचं चुकलेलं गणित ती जशी वरपासून खालपर्यंत न बोलता वाचायची, तशी बघत राहिली. सायकलीवरचे पाय, घरातले पाय, गोव्याहून आल्यावरचं इनासचं तोंड, सगळं तिने तिथे मांडलं असणार. मला तिच्या हातात घट्ट धरलेली इनासची बाही तेवढी दिसत होती.

"इनास," ती हळूच म्हणाली, "बॅटरी कितकी उरली?"

तो मातीकडे बघत म्हणाला, "घराक जाईसर पुरात."

तिने छातीवर खूण केली, खुरसाकडे एकदा पाहिलं आणि मान वर करून आपल्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "उठा गे सगळी. चणे थंड होतत." लोक डोळे पुसत उठले. इनासने तिला उचलून बैठकीत ठेवली. लोकांना वाटलं, लाडाने ठेवली. त्यातल्या एकालाही तिने शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही.

चणे वाटून झाले, माणसं पांगायला लागली, तेव्हा तिने इनासला म्हटलं, "तो डबो काढ. आता उतार आसा." त्याने वायर उपटली, डबा सोडवला. तिने तो मागून घेतला, क्षणभर मांडीवर धरला आणि माझ्या हातात दिला. "ही तुझ्याकडेच चार्ज होता मां?" मी मान डोलावली. मला वाटलं होतं ती रागावेल. तिने माझ्या गालाला हात लावला, बस.

मग तिने ब्रेक सोडला. सड्यावरून खालपर्यंत तो सगळा उतार ती एकटी गेली. मोटर नाही, पाय नाही, कुणाचा हात नाही. सत्यवान मागोमाग रिक्षा घेऊन निघाला. मला पुढे तिचे पांढरे केस आणि वर फडफडणारा बावटा दिसत होता. वळणावर तिने दोन्ही हात हँडलवरून काढून हवेत पसरले. इनास मागून ओरडला. ती हसली की काय केलं, ते रिक्षाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

शाळेजवळचा उतारही संपला आणि सपाट रस्ता लागला. सायकलीचा वेग कमी होत गेला. शाळेपाशी आणखी कमी झाला. आमच्या वळणाच्या थोडं अलीकडे ती थांबली. मी रिक्षातून उतरून धावत गेले. ती वर बघत पडली होती. पेडलवरचे पाय तिने हलवूनही पाहिले नाहीत.

इनास आपली सायकल टाकून तिच्याशेजारी उभा राहिला. त्याने हात पुढे केला नाही; त्याची हिंमत झाली नाही.

"आता ढकल," ती म्हणाली.

त्याने एका बाजूने हात लावला, मी दुसऱ्या. डबा माझ्या काखेत होता. घर जवळच होतं, पण आम्ही सावकाश गेलो, कारण तिला अजून वरचं बघायचं होतं.